गाडी कोण चालवत होतं

—नाही नाही, बस तू. उठायचं काही कारण नाही, बाक काही माझ्या मालकीचा नाही. तुझा बिल्ला मला मघाशीच दिसला — ‘अठरा’, एवढा मोठा आकडा, तोही लालभडक — झाकू नकोस गं, मी काही चावत नाही. माझाही आहे, पर्समध्ये, ‘एकवीस’चा, जुना झालाय, टाचणी धड बसत नाही त्याची. म्हणून लावला नाही. म्हणजे — टाचणीमुळेच असं नाही, पण जाऊ दे. आत सुनावणीच्या खोलीत जागा नाही म्हणून आपल्याला बाहेर बसवलंय ना, मग बसू या. दोन बाजूंच्या बायका एका बाकावर बसल्या म्हणून विधानभवनाचा घुमट खाली येत नाही. कॉफी घेतेस? माझ्या थर्मासमधली आहे, खाली मिळतं ते गढूळ पाणी नव्हे. घे. आणि ते बूट जरा आत ओढ, येणाऱ्या-जाणाऱ्याला चिखल लागतोय. मार्च म्हणजे आमच्या व्हरमाँटात चिखलाचाच महिना. तू कुठली? बॉस्टनकडची? वाटलंच. बुटांवरूनच कळलं.

तो आत बोलतोय ना — वर बघ, तो स्पीकर, त्यातून आतलं सगळं ऐकू येतं — तो डॉक्टर आहे. आमच्या बाजूचा. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत कच्चा असतो म्हणतो, म्हणून दारूचं वय एकवीसच ठेवा. शहाणा माणूस आहे, पण बोलायला लागला की लोक छताकडे बघतात. त्याच्यानंतर लॉरेन. लॉरेन टिबो. तुमच्या बाजूची — आता तुमच्या बाजूची. तुला माहीतच असेल, तिचं ऐकायलाच तर बस भरून आलात ना तुम्ही कॉलेजातून? आणि तिच्यानंतर मी. व्हर्ना स्टॅनर्ड. सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, तुझ्याएवढ्या पोरांना मी मॅकरोनी वाढून मोठं केलंय, त्यामुळे तुम्ही काय म्हणणार ते मला तोंड उघडायच्या आधी कळतं. अठराव्या वर्षी मत देता येतं, लग्न करता येतं, इराकात जाऊन मरता येतं, मग एक बिअर का नाही — हेच ना? मागच्या खेपेलाही हेच होतं, फक्त इराकच्या जागी व्हिएतनाम होतं. आणि माझं उत्तर पण तेच आहे. म्हणते, मग मरायचं वय कमी करा — छे, काय बोलतेय मी — वाढवा. लढाईवर पाठवायचं वय एकवीस करा. सगळे टाळ्या वाजवतात. आज काय झालंय मला, वाक्यं उलटी येतायत.

मैत्रीण? लॉरेन? मैत्रीण काय म्हणतेस, पाठची बहीण म्हण. होती. आम्ही दोघींनी मिळून आणला हा एकविसाचा कायदा. खरंच सांगते. श्याऐंशी साली ह्याच व्हरांड्यात, असल्याच एका बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, तिच्या मांडीवर डोनटचा डबा आणि माझ्या मांडीवर दोन फोटो. तेव्हा तू जन्मली पण नव्हतीस. आम्हाला कोण ओळखत होतं? एक शाळेतली स्वयंपाकीण आणि एक डोंगरावरची गवळण, जिचं इंग्रजी निम्मं फ्रेंचमध्ये कालवलेलं. पण आम्ही बोललो की आत टाचणी पडली तर ऐकू यावी. त्या आमदारांना, वय वाढवलं नाही तर वॉशिंग्टनहून रस्त्यांचे पैसे बंद होतील ही भीती होतीच म्हणा, ते नाही म्हणत नाही मी. पण त्यांच्यातला एक जण नंतर बाहेर आला, एवढा मोठा धिप्पाड माणूस, आणि लॉरेनच्या डब्यातलं एक डोनट घेऊन खाताखाता रडला. पैशांसाठी कुणी असं रडत नाही.

तर तेव्हा आमच्याकडे अठरा होतं. नदीच्या पलीकडे, न्यू हॅम्पशायरात, जास्त. त्यामुळे तिकडची झाडून सगळी पोरं पूल ओलांडून आमच्या गावात प्यायला यायची. पुलाला लागूनच बार होता, आता तिथे टायरचं दुकान आहे. माझी जॅनिस, माझी मुलगी, सतराची. उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या टपरीवर काम करायची, घरी आली की कोपरापर्यंत व्हॅनिलाचा वास. हसायला लागली की थांबायचीच नाही, घोटभर पाणी प्यायला द्यावं लागायचं. जून होता. एव्हरेट, माझा नवरा, तिला आणायला निघालाच होता, टोपी डोक्यावर, आणि फोन आला. ‘आई, बाबांना सांग येऊ नका, मला सोडतायत.’ उजेड होता गं अजून. मी खिडकीतून बाग बघत होते, वाटाण्याचे वेल दिसत होते मला, इतका उजेड. आणि नदीकाठच्या वळणावर गाडी सुटली आणि दोन घरांतली दोन मुलं गेली. माझी जॅनिस आणि लॉरेनचा मोठा, डेल. डेलला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. बस. हे असंच सांगते मी दर वेळी, शब्द न् शब्द असाच. ‘गाडी वळणावर सुटली आणि दोन घरांतली दोन मुलं गेली.’ मग मी थोडं थांबते. समोरचे सगळे टेबलाकडे बघायला लागतात.

काय म्हणालीस?

गाडी कोण चालवत होतं.

कमाल आहे हं तुझी. इतक्या वर्षांत, इतक्या शाळा, इतकी चर्चं, टीव्हीवाले सुद्धा येऊन गेले — मला हे तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं म्हणून नाही विचारलं, आणि बाहेर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन आया शेजारी शेजारी उभ्या, एकमेकींचा हात धरून. कोण विचारणार? — डेल. डेल चालवत होता. दुपारपासून बसला होता त्या बारमध्ये, लपूनछपून नव्हे, कायद्याने, काउंटरवर ओळखपत्र ठेवून. जॅनिसच्या तोंडात थेंब नव्हता. तिला फक्त घरी यायचं होतं.

तुझी कॉफी गार होतेय. पी.

आम्ही आधी मैत्रिणी नव्हतो, ते सांगायचं राहिलंच. ती डोंगरावरची, कॅथलिक, घरात फ्रेंच, गाई आणि मेपलची झाडं. आम्ही गावातले. भेटलो तर मान हलवायची, बस. डेलच्या मयताला त्यांचे नातेवाईक सोडले तर कुणी गेलं नाही. मी तर नाहीच. पण नंतर एक दिवस गेले. का गेले माहीत आहे? तिला फाडून खायला गेले होते. खोटं कशाला सांगू. गाडीत सगळं पाठ करत गेले, हे बोलायचं, ते बोलायचं, थुंकायचं सुद्धा ठरवलं होतं मी तिच्या पायरीवर — मी, जी आजवर रस्त्यावर थुंकले नाही. तर बाई मागच्या अंगणात. दोरीवर कपडे. सगळे डेलचे, गोठ्यात घालायचे शर्ट. वाळलेला शर्ट काढायची, बादलीत बुडवायची, पिळायची, परत दोरीवर. मग पुढचा. मी बघतच राहिले. तिला माझी चाहूल लागली तशी वळली आणि दोन्ही हात असे तोंडासमोर धरले — मार खायची सवय असलेलं पोर धरतं ना, तसे. आणि माझं सगळं पाठ केलेलं गेलं कुठल्या कुठे. तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, ‘लॉरेन, अठरा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास द्यायचा कायदा कोणत्या गाढवाने केला?’

तिने हात खाली घेतले. माझ्याजवळ आली, माझी मनगटं धरली, पाणी टपकतंय सगळं, आणि म्हणाली, ‘व्हर्ना, माझ्या डेलने तुझ्या—’

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असा. म्हटलं, हे वाक्य पुरं करायचं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. डेलने काही केलं नाही. कायद्याने केलं. आपल्या दोघींचंही कायद्यानेच नेलं, तुझं माझं वेगळं नाही. तिने मान हलवली. माझ्या हाताखालीच हलवली, मला कळली. आणि नंतर कधी तो विषय काढला नाही. एक आहे तिचं, शब्दाची पक्की. म्हणजे — होती.

तेव्हापासून आम्ही दोघी एक. तिची जुनी पिकअप, खिडकी वर न जाणारी, थंडीत मांडीवर घोंगडी घेऊन आम्ही हा अख्खा मुलूख पालथा घातला. चर्चच्या तळघरांत, शाळांच्या व्यायामशाळांत, कुठे पाच माणसं, कुठे पाचशे. मी जॅनिसचं बोलायचे, ती डेलचं बोलायची, आणि गाडी — गाडी वळणावर सुटायची. वाटेत आम्ही भांडायचो पण खूप, नकाशावरून, पोपच्या नावावरून, माझ्या बीन्समध्ये मोहरी जास्त होते ह्याच्यावरून. एकदा बर्फात गाडी रुतली तर दोघी आत बसून मेपलचा पाक बोटाने चाटत राहिलो, दुसरं काही नव्हतं खायला. हसलो किती. मी हसले म्हणून मग रडले, तर तिने मला तिच्या कोटात घेतलं.

एव्हरेटला पटलं नाही. कधीच नाही. चांगला माणूस होता, मितभाषी, पण ह्या बाबतीत खिळ्यासारखा घट्ट. एकदा जेवताना म्हणाला, ‘तिला एकदा म्हणू दे, व्हर्ना. माझ्या पोराने केलं, एवढंच. मी माफ करीन, आनंदाने करीन, पण आधी कुणीतरी म्हणायला नको का?’ मी म्हटलं, ‘ह्या घरात हे बोलायचं नाही.’ तर त्याने काटा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘मग ह्या घरात मी तरी कशाला?’ मला वाटलं बोलायचं म्हणून बोलला. पण बर्फ वितळला तसा गेला मेनला, समुद्रकाठी भावाकडे, त्याच्या लॉबस्टर पकडायच्या होडीवर कामाला. मी थांबवलं नाही. थांबवता आलं असतं. एक शब्द बोलले असते तर थांबला असता, टोपी काढून खुंटीला लावली असती त्याने. तो शब्द लॉरेनच्या विरुद्ध होता म्हणून मी बोलले नाही. कळतंय का तुला, पोरी? नवरा आणि ती, अशी वेळ आली आणि मी तिला निवडलं. तो तिकडेच वारला. मयताला त्याची भावजय माझ्याशी बोलली नाही, सँडविच सुद्धा दुसऱ्याच्या हातून दिलं.

आणि रेमी. रेमी तुला माहीत असेल, तुमच्या पत्रकावर त्याचाच फोटो आहे. मला नको दाखवूस, मीच काढलेला आहे तो, आमच्या मागच्या पायरीवर, उन्हामुळे डोळे बारीक केलेत बघ. कायदा झाल्यावर लॉरेनला झाला तो, ध्यानीमनी नसताना, चाळिशी उलटल्यावर. लाजली होती बाई सांगताना. मी म्हटलं, लाजतेस काय, देवाने दिलाय, घे. आणि तो अर्धा माझ्याच घरी वाढला. शाळा सुटली की माझ्या स्वयंपाकघरात, लॉरेन दूध काढून येईपर्यंत. मला ‘व्हव्हा’ म्हणायचा, व्हर्ना म्हणता यायचं नाही. मोठा झाल्यावरही व्हव्हाच. मी त्याला दारूबद्दल इतकं सांगितलं, इतकं सांगितलं, की तो म्हणायचा, ‘व्हव्हा, मला पाणी प्यायला पण भीती वाटते.’ असा गोड. आणि गेला कॉलेजात, खाली मॅसॅच्युसेट्समध्ये, आणि तिथे पोरांचं ते घर असतं ना एकत्र राहायचं, बाहेर ग्रीक अक्षरांची पाटी — तिथे, तळघरात, दारं-खिडक्या लावून, बाटली फिरवत. एकोणिसाव्या वर्षी. तो मधेच पडला. त्यांनी उचलून कॉटवर ठेवला, पाठीला दप्तर बांधलं, पुस्तकं भरून — कशाला, माहीत आहे? झोपेत उताणा होऊ नये आणि घुसमटू नये म्हणून. म्हणजे कळत होतं त्यांना! एवढं कळत होतं, आणि फोन उचलून ॲम्ब्युलन्स बोलवायचं कळलं नाही. घाबरले म्हणे. सगळेच एकविसाच्या आतले. पोलीस येतील, कॉलेजातून काढतील. सकाळी दप्तर तसंच होतं पाठीला.

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. मला काय वाटतं ते मला माहीत आहे.

तर मयताच्या दिवशी, चर्चमधून घरी आलो, सगळे खाली बसलेले, मी आणि ती वर त्याच्या खोलीत. ती त्याच्या पलंगावर बसून मला विचारते, ‘व्हर्ना, लपवायची गरज नसती तर त्यांनी फोन केला असता का गं?’ आता काय उत्तर देशील तू? मी जे खरं ते सांगितलं. म्हटलं, ‘लॉरेन, त्याने कायदा पाळला असता तर आज जिवंत असता.’ खरंच आहे ना? चूक काय आहे त्यात? इतकी वर्षं आम्ही दोघी हेच तर सांगत आलो. ती उठून खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी खाली जाऊन भांडी घासली, लोकांना कॉफी दिली, सगळं केलं. जाताना हाक मारली, तर वरून ओ नाही आली.

मी म्हटलं दुःख आहे, वेळ द्यावा. दिला. उन्हाळा गेला, पानं झडली, परत बर्फ पडला. ती फोन करत नव्हती, मीही केला नाही. मग गेल्या महिन्यात चर्चच्या जेवणाला एक जण मला लोणच्याची बशी पुढे करता करता म्हणाली, ‘लॉरेन आता अठराच्या बाजूने बोलणार म्हणे राजधानीत?’ लोणच्याची बशी! असं कळलं मला. मी हसले. म्हटलं, तू दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असशील.

तशीच उठून गेले तिच्याकडे. ती मेपलचा रस आटवायच्या खोपटात होती, पहिलीच भट्टी लागलेली, आत इतकी वाफ की ती मला दिसेचना, नुसता झारा दिसतोय वरखाली होणारा. म्हटलं, ‘खरं आहे का?’

म्हणाली, ‘दार लाव, वाफ जाते.’

‘खरं आहे का लॉरेन?’

‘खरं आहे. मी तुला सांगायला येणार होते.’

‘कधी? बोलून झाल्यावर?’

तर झारा खाली ठेवला तिने. म्हणाली, ‘मी त्या पोरांना भेटले, व्हर्ना. एकेकाच्या घरी गेले. पोरं वाईट नाहीत. त्यांना कुणी प्यायला शिकवलं नाही, कुणी थांबायला शिकवलं नाही, फक्त लपायला शिकवलं. ते आपण शिकवलं. तू आणि मी.’

मी म्हटलं, ‘आणि डेल? डेल लपला होता का? त्याला तर सगळी मोकळीक होती! त्याचं काय केलं तुझ्या मोकळिकीने?’

तर माझ्याकडे बघितलं. वाफेतून. आणि अगदी हळू म्हणाली, ‘ते कायद्याने नव्हतं केलं, व्हर्ना. तुला माहीत आहे आणि मलाही.’

मी दार उघडं टाकून आले. जाऊ दे म्हटलं तिची वाफ.

आता तूच सांग. तू शिकतेस कॉलेजात, तूच सांग मला. कायद्याने नव्हतं केलं — म्हणजे काय? कायद्याने नाही, तर मग कुणी? मग डेलनेच मारलं ना माझ्या जॅनिसला? सरळ आहे की नाही हिशेब? मग मी इतकी वर्षं कुणाच्या शेजारी बसले त्या पिकअपमध्ये? कुणाच्या पोराचा फोटो हातात धरून उभी राहिले मी गावोगाव, माझ्या पोरीच्या फोटोच्या बरोबरीने, एकाच चौकटीत? आणि एव्हरेट — एव्हरेट खरं बोलत होता मग! मी त्याला घालवला, खरं बोलला म्हणून घालवला, आणि तो तिकडे थंड पाण्यात पिंजरे ओढत मेला, आणि ही आता वाफेत उभी राहून मला सांगते की कायद्याने नव्हतं केलं! अगं लॉरेन, तुझ्यासाठी उभा केला होता मी तो कायदा! तुझा तिरस्कार करायला लागू नये म्हणून! मला काय पडलं होतं त्या दारूचं, कुणी अठराव्या वर्षी प्यावी का ऐंशीव्या—

आवाज वाढला का माझा? तो दारावरचा माणूस बघतोय. बरं. बरं, हळू बोलते.

हे मी तुला का सांगितलं माहीत नाही. विसरून जा. पण एक ऐक, म्हणजे नंतर आत आवाज चढला तर घाबरू नकोस. आज मी ते वाक्य म्हणणार नाही. ‘गाडी वळणावर सुटली’ नाही. आज मी नाव घेणार आहे. तिच्यासमोर, माइकवर, सगळ्यांच्या देखत — गाडी डेल टिबो चालवत होता, दुपारपासून पीत होता, आणि त्याने माझी मुलगी मारली. तिने तिची बाजू बदलली ना, मग मी माझा शब्द का पाळू? तिचं तोंड बघायचंय मला. तेवढ्यासाठी आले आहे मी आज. बिल्ला म्हणूनच नाही लावला. ते एकवीस-अठरा तुम्ही पोरांनी बघून घ्या काय ते.

शूः. तिचं नाव पुकारलं. ऐकलंस? टिबो. स्पेलिंग वाचून ‘थिबॉल्ट’ म्हणतो तो मेला, दर वेळी कुणीतरी म्हणतंच, आणि ती कधी सुधारत नाही — बघ, नाही सुधारलं. खुर्ची ओढली. माइक जवळ घे गं बाई, जवळ घे, शेवटच्या ओळीला ऐकू जात नाही, किती वेळा सांगितलंय.

‘मला दोन मुलगे होते.’ हं. असंच सुरू करणार, वाटलंच होतं. ‘एक अठरा वर्षांचा, त्याला प्यायची परवानगी होती. एक एकोणीस वर्षांचा, त्याला नव्हती.’ ... चांगलं बोलते. मीच शिकवलंय तिला, लहान वाक्यं, घाई नाही. ‘धाकट्याबद्दल सांगायला मी आले आहे. पण मोठ्याबद्दल सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल सांगायचा हक्क नाही.’ काय बोलतेय ही? हे कशाला? ‘माझा मोठा मुलगा डेल दारू पिऊन—’

नाही. नाही नाही नाही. लॉरेन, गप.

‘—गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी जॅनिस स्टॅनर्ड बसली होती. माझ्या मुलाने जॅनिसला मारलं.’

...

पूर्ण केलं तिने. ऐकलंस ना? तूही ऐकलंस. जसं त्या दिवशी सुरू केलं होतं तसंच, त्याच आवाजात. ‘कायद्याने नाही. माझ्या मुलाने.’ आणि आत कुणी हलत सुद्धा नाही.

मला नाही सांगितलं हे कधी. माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं बसली, माझ्या बीन्सना नावं ठेवली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली पिकअपमध्ये — मला नाही म्हणाली. एव्हरेट मरेपर्यंत वाट बघत होता ह्या एका वाक्याची. त्याला नाही म्हणाली. आणि इथे, ह्या टाय लावलेल्या परक्या माणसांना, बस भरून आलेल्या पोरांना, ह्या भोंग्यातून — मला भोंग्यातून ऐकवते! हे माझं होतं. ते वाक्य माझं होतं, मला द्यायचं होतं, कुणालाही उचलून काय—

काय म्हणालीस?

मी म्हणू दिलं नाही.

हो.

... हे रुमाल-बिमाल काही नको मला. ठेव तुझ्याकडे.

अजून बोलतेय ती. आता रेमीवर आली. दप्तराचं सांगतेय. थांबत नाही. माझ्यानंतर — नाही, तिच्यानंतर मी. तो दारावरचा माणूस माझ्याकडे बघून बोट करतोय, तयार राहा म्हणून. कशाला तयार राहू? काय सांगू आत जाऊन? जे सांगायला आले होते ते तिने सांगून टाकलं, आणि माझं जुनं जे होतं ते आता कसं म्हणू, गाडी वळणावर सुटली? कोण ऐकेल?

संपलं वाटतं तिचं. खुर्ची सरकली.

तू एक काम कर पोरी. ऊठ. त्या माणसाला जाऊन सांग, मिसेस स्टॅनर्ड बोलणार नाहीत. पुढच्याला बोलवा म्हणावं. नाही, मला काही झालेलं नाही, पाय ठीक आहेत माझे, मी बसतेय इथेच. आणि लॉरेन बाहेर आली तर तिला सांग की — सांग की मी —

नको. तिला काही सांगू नकोस. जा तू.